गढूळलेल्या बाटल्या

माझा मुलगा गोड बोलायला लागला की मला धास्ती वाटते. दुसऱ्या आयांना हे ऐकून हसू येईल. येऊ दे. त्यांच्या मुलांनी त्यांना काय दाखवलंय ते मला माहीत नाही, माझ्याने मला काय दाखवलंय ते मला पक्कं माहीत आहे. हा शुद्धीवर असतो तेव्हा तिरसट असतो. भाजीत मीठ कमी पडलं की तोंड वाकडं, टॉवेल जागेवर नसला की पाय आपटणं, आणि मी काही सांगितलं की आधी नाही म्हणायचं मग करायचं. तो माझा खरा मुलगा. पीत होता तेव्हा मात्र साखर. आई तू बस, चहा मी करतो. आई, तुझे गुडघे कसे आहेत. गुडघ्यांची चौकशी झाली की मी समजायची, कुठेतरी बाटली उघडलेली आहे.

तर हा माणूस मध्यंतरी पुन्हा गोड झाला. जेवण आळणी झालं तरी खाली मान घालून जेवायचा. ताट स्वतः उचलून घासायला न्यायचा. माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही. काय रे, काय झालंय, असं विचारलं की "काही नाही गं" आणि वर एक हसू. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. मी सुनेला म्हटलं, तुझा नवरा बिघडलाय, बघ जरा. ती म्हणाली, आई, ते भांडले तरी तुम्हाला चालत नाही आणि नाही भांडले तरी चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

माझा मुलगा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. गंज चढून दगड झालेलं यंत्र त्याच्या हाताखालून गेलं की मुकाट चालायला लागतं; तो स्वतः कुरकुरतो तेवढं त्याचं कुठलंच यंत्र कुरकुरत नाही. त्याच हातांना एकदा कापरं भरलं होतं. सुईत दोरा जाईना. दुकानाच्या मालकाने घरी बसवलं. मधलं मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना कळायचं नाही. शेवटी दवाखान्यात पडून राहिला आणि तिथून हाडांचा सापळा होऊन परत आला. पण सुटला. मालकाने पुन्हा कामावर घेतलं.

तो पडून होता तेव्हा घर सुनेने ओढलं. एका बाईकडे जाऊन ती तोंडाला लावायचं गुलाबाचं पाणी आणि अंगावर मारायचे सुगंधी स्प्रे करायला शिकली आणि मागच्या खोलीत तिने कारखाना मांडला. कारखाना म्हणजे काय, एक टेबल, मापाचे ग्लास, नरसाळं, रिकाम्या बाटल्यांची खोकी आणि एक बाई, जी बाटली भरताना श्वाससुद्धा रोखून धरते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पार्लर आहे, ती पार्लरवाली सगळा माल घ्यायची आणि गिऱ्हाइकांना विकायची.

आता या सगळ्याला स्पिरिट लागतं. पहिला कॅन घरात आला त्या दिवशी मी दारात उभी राहिले. या घरात हे येणार नाही म्हणाले. सून म्हणाली, आई, ते पिण्याचं नसतं, त्यात कडू औषध घातलेलं असतं. मग तिने मला समजावलं की नुसतं पाणी आणि गुलाबाचा अर्क बाटलीत भरून ठेवला तर तो नासतो, त्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं पाणी कुणाच्या तोंडाला लागलं तर तोंड सुजेल. स्पिरिट पुरेसं असलं की त्यात काही जगत नाही.

मी म्हटलं, त्यात काय काय जगत नाही ते मी याच घरात पाहिलंय.

तिचा चेहरा पडला. तेव्हा हा आतून आला आणि म्हणाला, आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? आणू दे तिला. तिच्या कामात खोडा घालू नकोस. असा ताठ उभा राहून म्हणाला की मला बाजूला व्हावं लागलं. पण मी एक केलं. कॅन पांढरा होता, आतली पातळी बाहेरून दिसायची. मी त्या पातळीवर बरोबर एक रबर बँड चढवला. सूनबाई काम करून उठली की बँड खाली सरकवायची, आणि मी येता-जाता बघायची. बँडखाली पातळी गेली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. ती कधी गेली नाही. मला झोप यायला लागली होती.

मग बाटल्या गढूळ झाल्या.

आधी स्प्रे. सूनबाई नेहमीसारखं सुगंधी तेल स्पिरिटमध्ये घालून हलवत होती. एरवी ते काचेसारखं स्वच्छ होतं. त्या दिवशी हलवता हलवता सगळं पांढुरकं झालं, दुधात पाणी घालावं तसं. तिने दुसरी बाटली केली, तीही तशीच. ती म्हणाली, पाणी जास्त झालं की असं होतं, तेल विरघळत नाही. मग स्वतःच म्हणाली, पण मी पाणी घातलेलंच नाही अजून. मी म्हटलं, ग्लास ओला असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चुकीचं बोलले असं मला वाटलं. तिचा ग्लास कधी ओला नसतो.

आणि मग पार्लरवाली आली. ही बाई दारातून आत येता येताच बोलायला लागते, पण त्या दिवशी काही न बोलता तिने पिशवीतून गुलाबपाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी कापसाच्या बोंडासारखं काहीतरी तरंगत होतं. झाकण उघडलं तर आंबूस वास. ती म्हणाली, अशा आणखी निघाल्यात. एका मुलीच्या गालांवर पुरळ उठलंय, लाल भडक. तिची आई माझ्या दुकानात येऊन आरडाओरडा करून गेली. मी तुमचं नाव सांगितलं नाही, पण पुढच्या वेळी सांगावं लागेल.

सूनबाई खाली बसली. पार्लरवाली गेल्यावर तिने सगळ्या रिकाम्या बाटल्या पातेल्यात घालून उकळल्या. पुन्हा उकळल्या. टेबल साबणाने घासलं, भिंत घासली, हात घासून घासून लाल केले. माझ्याच हाताला काहीतरी आहे म्हणायची. नखं मुळापासून कापून टाकली. माझा मुलगा तिच्या समोर बसून जेवत होता. त्याने ताट उचललं, घासायला ठेवलं, आणि तिला म्हणाला, होतं असं कधी कधी, तू नको त्रास करून घेऊस. किती गोड.

तिने ठरवलं की केमिकलवाल्याने फसवलं, पाणी घालून माल दिला. मी म्हटलं चल, मी येते. माझ्यासमोर भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. थोडं स्पिरिट एका बाटलीत घेऊन आम्ही त्याच्या दुकानात गेलो. लांबट दुकान, दोन्ही बाजूंना डबे छतापर्यंत, आणि मध्ये हा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. मी आल्या आल्या सुरू झाले. लाज वाटते का, म्हटलं, एका कष्टाळू पोरीला पाणी विकतोस. त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग एक काचेची नळी काढली, तळाला जड, वर खुणा केलेल्या. दोन उभे ग्लास घेतले. एकात त्याचं स्पिरिट ओतलं, नळी सोडली. ती खोल बुडाली. दुसऱ्यात आमचं ओतलं. नळी वर आली आणि डुलत राहिली, जणू काही आम्हाला वाकुल्या दाखवतेय.

"माल माझ्याकडून सीलबंद जातो. सील तुम्ही फोडलं होतं ना?"

सून म्हणाली, हो, मीच.

"मग पाणी तुमच्या घरात पडलंय," तो म्हणाला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "घरात कोणी पिणारं आहे का?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी डब्यांकडे. त्याला उत्तर मिळालं.

मग त्याने सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण इथे थोडक्यात सांगते. म्हणाला, पिणारे असंच करतात, काढलं तेवढं पाणी भरतात म्हणजे पातळी हलत नाही. कडू असतं, पण पिणारा कडूला भीत नाही. हे पोटात जायचं नाही. कुठे काय मिसळलेलं असेल याची खात्री या धंद्यात कुणी कुणाला देत नाही. आधी डोकं दुखतं, मग दिसायला कमी होतं. डोळे गेले की परत येत नाहीत. आणि नुसते डोळेच गेले तर नशीब म्हणायचं, कारण बाकीच्यांचं सगळंच जातं.

माझा रबर बँड माझ्या डोळ्यांसमोर आला. पातळी हलत नव्हती म्हणून मी सुखाने झोपत होते. बँड त्यालाही दिसत होता. त्याने बरोबर बँडपर्यंत पाणी भरलं असणार.

घरी येताना सूनबाई माझ्यापुढे चालत होती. एरवी ती माझा हात धरते, गुडघ्यांमुळे. कोपऱ्यावर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना काही विचारू नका. मी विचारते." मी हो म्हटलं. तिने विचारलं नाही. संध्याकाळी तिने त्याला चहा दिला, त्याने घेतला, कप धुऊन ठेवला, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मला कळलं, तिलाही माझ्यासारखंच होतंय. विचारलं की उत्तर येणार. उत्तर आलं की ते खरं होणार.

त्या दिवसापासून माझं जेवण गेलं. मी त्याच्या जवळून जाताना वास घेऊ लागले. वास यायचा, पण त्या घरात वास कुणाला येत नाही? भिंतींना येतो, पडद्यांना येतो, माझ्या केसांनासुद्धा गुलाब आणि स्पिरिटचा वास येतो. मी त्याचे हात बघायची. हात स्थिर होते. ते बघून बरं वाटायचं, आणि मग आठवायचं, पहिल्यांदासुद्धा हात शेवटी गेले होते.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी मी माझं जुनं यंत्र बाहेर काढलं. मुद्दामच. म्हटलं, टाके सुटतायत, बघ. खिडकी सताड उघडी होती, ऊन थेट यंत्रावर. त्याने सुई बदलली, दोरा घेतला, आणि सुईच्या नाकात घालायला गेला. चुकला. दोरा ओठाने ओला केला, पुन्हा चुकला. सुई लांब धरली, डोळे बारीक केले. मग मान न वळवता म्हणाला, "आई, उजेड कमी आहे का गं?"

खिडकीतून ऊन माझ्या पायावर पडलं होतं, चटका बसत होता इतकं. मी म्हटलं, हो रे, ढग आलेत. आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या पोटच्या पोराचे डोळे चालले होते, आणि मी त्याला ढगांचं सांगून आले होते.

ते सांगून मी स्वतःवरच चिडले. मी काय अशी बाई आहे का? या गल्लीत मी कुणाला भीत नाही, पाण्याचा टँकरवाला मला बघून रांग सरळ करतो. आणि स्वतःच्या मुलाला एक प्रश्न विचारायला माझी जीभ टाळूला चिकटते. ठरवलं, विचारायचं नाही. बघायचं. डोळ्यांनी बघितलं की तोंड आपोआप उघडेल.

त्याच दुपारी सूनबाई उरलेल्या खराब बाटल्या परत आणायला पिशवी घेऊन पार्लरकडे निघाली. नव्याने करून देते म्हणून माफी मागायला चालली होती, तिचा चेहरा इतकासा झाला होता. ती गेल्यावर मी मोठ्याने म्हणाले, मी शेजारी जाऊन येते. चपला घातल्या, दार उघडलं, दार आपटलं. मग चपला हातात घेतल्या आणि अनवाणी, भिंतीला धरून, मागच्या खोलीत शिरले. खोक्यांच्या मागे एक पालथी बादली होती. तिच्यावर बसले. माझ्या वजनाने ती अशी करकरली की मला वाटलं संपलं. पण त्याने ऐकलं नाही. या वयात, या अंगाची मी, चपला मांडीवर घेऊन चोरासारखी बादलीवर बसले होते. कुणी पाहिलं असतं तर जन्मभर पुरला असता हा विनोद. मला हसू आलं नाही. माझं काळीज इतकं वाजत होतं की खोक्यातल्या बाटल्या किणकिणतायत असं वाटत होतं.

आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नकोस. आज येऊ नकोस. मी इथे दिवसभर बसेन, गुडघे गेले तरी चालतील, पण तू येऊ नकोस.

तो आला.

आत आला, दार लोटलं, कडी घातली. खोक्यांच्या फटीतून मला त्याचं अर्धं अंग दिसत होतं. कॅनपाशी खाली बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला, हात मांडीवर, एखाद्या माणसासमोर बसावं तसा. मग खिशातून रुमाल काढून नाकातोंडावर घट्ट बांधला. मला कळेना, हे काय. झाकण फिरवलं. तो वास खोलीभर पसरला आणि माझ्या नाकात एकदम जुने दिवस घुसले, ओली गादी, देणेकऱ्यांच्या दारावरच्या शिव्या, दवाखान्यातलं लोखंडी स्टूल. त्याने मोठा प्लास्टिकचा मग भरला. भरताना एक थेंब सांडू दिला नाही. हे त्या हातांना छान येतं.

मग त्याने रुमाल नाकावरून खाली ओढला.

उठून हातातला मग नाकाशी नेला. डोळे मिटले. मला ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही. मला उठायचं होतं, पाय उठेनात. तो तसाच उभा, भरलेला मग नाकाशी, गळ्याची गाठ वर-खाली होतेय. मी आई आहे आणि मी बादलीवर बसून बघत राहिले.

एकदम तो वळला, कडी काढली आणि तो मग घेऊन मोरीत गेला. मोरीचं दार लागलं. आणि मला आवाज आला. घट, घट, घट. गळ्यातून काहीतरी उतरत जातंय असा आवाज, थांबत थांबत, लोभीपणाने.

मी कशी उठले मला माहीत नाही. खोकी पाडली, बाटल्या फुटल्या, काचांवरून अनवाणी गेले, पायाला लागलं ते नंतर कळलं. मोरीच्या दारावर मी दोन्ही हात मारले. ते नुसतं लोटलेलं होतं. उघडलं, आणि मी त्याच्या पाठीवरच जाऊन पडले.

तो मोरीच्या जाळीपाशी उकिडवा बसला होता. रुमाल परत तोंडावर बांधलेला. हातातला मग जाळीवर पालथा धरलेला, आणि मोरी ते स्पिरिट गिळत होती. घट, घट. तो आवाज मोरीचा होता.

मी त्याचा रुमाल ओढला. त्याचं तोंड हातात धरलं, जबडा दाबून उघडला, लहान असताना माती खाल्ली की उघडायची तसा, आणि वास घेतला. चहाचा वास होता. नुसता चहाचा.

"प्यायलास का?"

तो नाही म्हणाला.

"कधी? एकदा तरी?"

"नाही गं. एकदाही नाही." मग त्याने माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, आई, रक्त येतंय. मी म्हटलं, माझं रक्त मरू दे, बोल.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून बोलला, आणि मी पाटावर बसून पाय पाण्याखाली धरून ऐकलं. म्हणाला, आणू दे असं तुला मोठ्या तोंडाने सांगितलं, पण पहिल्या दिवसापासून तो कॅन मला हाक मारतो. मी जेवतो तेव्हा तो मागच्या खोलीत आहे हे मला माहीत असतं. झोपतो तेव्हा माहीत असतं. तिला काय सांगू? मी पडलो होतो तेव्हा याच कॅनवर तिने मला जगवलं. आता मी तिला सांगू, बंद कर, कारण मला धीर नाही? म्हणून त्याने ठरवलं की स्पिरिटच कमी करायचं. एक मग काढायचा, मोरीत सोडायचा, तेवढं पाणी भरायचं. होता होता कॅनमध्ये नुसतं पाणीच राहील, आणि पाणी हाक मारत नाही. अंगावर मारायचं तर असतं, म्हणाला, वास आला की झालं, थोडं पाणी गेलं तर कुणाला काय कळतंय, असं वाटलं. आणि कॅन संपून नवा आला की पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारलं, बाटल्या गढूळ झाल्या तेव्हा कळलं नाही?

"कळलं."

"त्या मुलीच्या गालांचं कळलं तेव्हा?"

त्याने रिकामा मग पालथा घातला. माझी भीती अजून गेली नव्हती. उलट मला आता वेगळीच भीती वाटत होती, कारण मघाशी मी त्याची गळ्याची गाठ वर-खाली होताना बघितली होती. हा माणूस कॅनपासून पळत नव्हता. रोज त्याच्याकडे जात होता, झाकण उघडत होता, नाकाशी नेत होता. रोज.

तेवढ्यात बेल वाजली. सूनबाई परत आली होती. तो उठायला लागला, तोच तो गोड चेहरा चढवून. मी त्याचा हात धरून खाली बसवला. म्हटलं, उभी राहू दे तिला क्षणभर. ऐक आधी.

"तू प्यायला नाहीस. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यासाठी तुझं कौतुक करत बसणार नाही. तुझी बायको उकळत्या पाण्यात हात घालून बाटल्या धूत होती, स्वतःच्या हातांना नावं ठेवत होती, नखं मुळापासून कापत होती, आणि तू समोर बसून आळणी जेवत होतास. ते पिण्यापेक्षा वाईट. पिताना तू शुद्धीवर नव्हतास, आता होतास. आणि झाकण रोज एकटा उघडत होतास, कोणी बघायला नाही, कोणी धरायला नाही. एक दिवस हात मोरीकडे वळला नसता तर मी काय केलं असतं रे ठोंब्या? तू शूर नाहीस. तू भित्रा आहेस. भित्रा आहेस म्हणून जिवंत आहेस, मला तेवढं पुरे. मीही भित्री आहे, बादलीवर मी काही हौसेने बसले नव्हते. पण भ्यायलेल्या माणसाने ओरडायचं असतं, लोकांच्या तोंडाला लावायच्या पाण्यात पाणी घालत बसायचं नसतं. कॅन आज या घरातून जाईल. पार्लरवालीच्या मागच्या खोलीत राहील, तुझी बायको तिथे जाऊन काम करेल, आणि तिची खोकी तू वाहून नेशील. ज्या ज्या घरात ती खराब बाटली गेली तिथे माफी मागायला तू जाशील, ती नाही. त्या मुलीच्या आईसमोरसुद्धा तूच. उद्या सकाळी डोळे दाखवून चष्मा करून घे, मला आणखी ढग काढायला लावू नकोस. आणि आता दार तू उघड. पहिला शब्द तुझा असू दे. 'काही नाही' असं म्हणून सुरुवात केलीस, तर गाठ माझ्याशी आहे."